स्नायुविरूपताग्रह

शरीर भरदार, पिळदार असूनही ते किरकोळच आहे असे सतत वाटणे आणि त्यापायी व्यायाम, आहार व आरसा यांतच दिवस जाणे, ही मनोविकाराची अवस्था. शरीरसौष्ठव करणाऱ्या पुरुषांत ती विशेष आढळते. बोलीत ‘बॉडीचं वेड’ एवढ्यावर भागते. येथे ‘ग्रह’ हा शब्द मनाने घेतलेल्या समजुतीच्या अर्थाने योजला आहे.

या विकाराचे वर्गीकरण वादग्रस्त आहे. एन्रिको मोर्सेली या इटालियन मनोविकारतज्ज्ञांनी १८९१ च्या सुमारास (काही लेखक १८८६ देतात) आपण कुरूप आहोत या भयाला नाव दिले. स्नायूंचा विचार त्यात नव्हता. १९९३ मध्ये हॅरिसन पोप, डेव्हिड कॅट्झ व जेम्स हडसन यांनी अभ्यासलेल्या १०८ पुरुष शरीरसौष्ठवपटूंपैकी ९ जण धष्टपुष्ट असून स्वतःला लहान, अशक्त समजत. १०८ पैकी तिघांना पूर्वी क्षुधानाश (जाड होण्याच्या भयाने अन्न टाळण्याचा विकार) झाला होता. त्यामुळे प्रथम ‘उलटा क्षुधानाश’ असेच नाव पडले. १९९७ मध्ये पोप व सहकाऱ्यांनी ते बदलून विकार देहविरूपतेत (नसलेले वा क्षुल्लक शारीरिक व्यंग मोठे भासण्याच्या विकारात) घातला, आणि २०१३ च्या अमेरिकी निदानपुस्तिकेने तेच मान्य करून त्याला भावातिरेकी-अनिवार्य क्रियांच्या (ओसीडी) शेजारी बसवले. अंडी-चिकन तोलून खाण्याच्या कडक नियमांकडे बोट दाखवून काही अभ्यासक अजूनही त्याला आहारविकार म्हणतात. मात्र येथे आहार हे साधन आहे, मूळ दोष पाहण्यात आहे. त्यामुळे देहविरूपतेचे मत अधिक सयुक्तिक दिसते.

मराठवाड्यात बलोपासना आली ती तालमीतून. लातूर जिल्ह्यातील रामलिंग मुदगडचे हरिश्चंद्र बिराजदार यांनी १९७० च्या एडिनबर्ग राष्ट्रकुल स्पर्धेत सुवर्णपदक मिळवले, ते कुस्तीत. पैलवानाचा कस हौद्यात, जोडीदाराशी झुंजताना लागतो. त्याच्या सुटलेल्या पोटाचे गुण कोणी कापत नाही. शरीरसौष्ठवात समोर जोडीदार नसतो. परीक्षक आकार, रेखीवपणा व प्रमाणबद्धता पाहतात, आणि एरवी निवाडा आरशाचा किंवा मोबाइलमधल्या फोटोचा.

ऐन मे महिन्यात, पारा ४२ अंशांवर असताना, दंड बारीक दिसतील म्हणून पूर्ण बाह्यांच्या शर्टाआत आणखी एक टी-शर्ट घालणे. लग्नाच्या पंगतीला न बसता डब्यातली उकडलेली अंडी बलक काढून खाणे. खांदा दुखावला तरी एकही दिवस न चुकवणे, ही ठळक लक्षणे. घरचे याला ‘पोरगं निर्व्यसनी आहे’ म्हणून वाखाणतात, आणि निदान लांबते.

स्नायू वाढवण्यासाठी घेतलेले स्टिरॉइड बंद केल्यावर शरीरातील टेस्टोस्टेरॉन या पुरुषी संप्रेरकाची निर्मिती काही काळ मंदावलेली राहते. या काळात औदासीन्य, क्वचित आत्महत्येचे विचार येतात. भूल दिल्यावर उतरलेला रक्तदाब सावरण्याचे मेफेंटरमाइन जोर वाढवण्यासाठी टोचून घेतल्यास निद्रानाश, संशय व भ्रम संभवतात.

उपचारात बोधात्मक वर्तनोपचार (चुकीचे विचार व सवयी बदलण्याचा संवादोपचार) व मेंदूतील सेरोटोनिन या रसायनावर कार्य करणारी औषधे वापरतात. राज्यातील चार जुनी मनोरुग्णालये (ठाणे, येरवडा, रत्नागिरी, नागपूर) मराठवाड्याबाहेर आहेत. छत्रपती संभाजीनगरचे घाटी रुग्णालय व अंबाजोगाईचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय ही जवळची ठिकाणे. ‘टेली-मानस’ ही दूरध्वनी सेवा (१४४१६) ऑक्टोबर २०२२ पासून उपलब्ध आहे.