तारा नावाच्या टेकड्या, नद्या आणि माणसे

आयर्लंडच्या मीथ परगण्यात तारा नावाची टेकडी आहे, माँटेनेग्रोच्या डोंगरांतून तारा नावाची नदी वाहते, सायबेरियात इर्तिश नदीच्या काठी तारा नावाचे चारशे वर्षांहून जुने शहर आहे आणि जावा बेटावर योग्यकर्ताजवळ तारा देवीसाठी आठव्या शतकात उभारलेले मंदिर आहे. न्यूझीलंडची राजधानी ज्या बंदरावर वसली आहे, त्याचे माओरी नावही तारा नावाच्या एका पूर्वजावरून पडले आहे. मराठी वाचकाला हा शब्द घरचा वाटतो, त्यामुळे या सगळ्यांच्या मुळाशी संस्कृत असावी असे सहज मनात येते. प्रत्यक्षात या पाचांपैकी जावातील मंदिराचेच नाते आपल्या तारेशी आहे. उलट ल्हासापासून उलानबातरपर्यंत असंख्य स्त्रिया याच तारेचे नाव लावतात आणि त्यांच्या नावात ‘तारा’ ही अक्षरे कुठेही आढळत नाहीत. नावांचे नाते केवळ कानाने जुळवले तर दोन्ही बाजूंनी फसगत होते, आणि या एका नावाचा इतिहास त्याचा उत्तम दाखला आहे.

मुळात संस्कृतातही हा शब्द एकेरी नाही. त्यात दोन प्रवाह मिसळले आहेत. पहिला आकाशातील ताऱ्याचा. वेदांत ताऱ्यांसाठी ‘स्तृ’ या शब्दाची रूपे येतात. ग्रीकमधील ‘अस्तेर’, लॅटिनमधील ‘स्तेला’, इंग्रजीतील ‘स्टार’ आणि फारसीतून आपल्याकडे आलेला ‘सितारा’ हे सारे त्याच कुळातील शब्द आहेत. संस्कृतात सुरुवातीचा ‘स’ गळून ‘तारा’ हे रूप रूढ झाले. म्हणजे युरोपातील स्टेला नावाची मुलगी ही आपल्या तारेची दूरची पण सख्ख्या वंशातील बहीण ठरते. दुसरा प्रवाह ‘तॄ’ या धातूचा, म्हणजे तरून जाण्याचा. त्याच्या प्रयोजक रूपातून ‘तारणारी’ हा अर्थ येतो. मराठीतील तारू, तारण, उतार आणि ‘देव तारी त्याला कोण मारी’ या म्हणीतील क्रियापद याच घरातले आहे. पुराणातील बृहस्पतीची पत्नी तारा, जिचे चंद्राने हरण केले आणि जिला बुध हा पुत्र झाला, ती उघडच ग्रहताऱ्यांच्या कुटुंबातील आहे. रामायणातील वालीची पत्नी तारा मात्र आपल्या शहाणपणासाठी लक्षात राहते. सुग्रीवाला रामाचे पाठबळ मिळाले आहे, तेव्हा दुसऱ्यांदा युद्धाला जाऊ नये, असे ती वालीला बजावते. पुढे किष्किंधेत संतापून आलेल्या लक्ष्मणाला शांत करण्याचे कामही तीच करते. पंचकन्यांच्या श्लोकात तिचा समावेश आहे.

महाराष्ट्राच्या इतिहासात हे नाव धारण करणाऱ्या स्त्रियांनी त्याला वेगळेच वजन दिले. हंबीरराव मोहित्यांची कन्या आणि छत्रपती राजाराम महाराजांची पत्नी ताराबाई (१६७५–१७६१) यांनी १७०० साली सिंहगडावर राजारामांचे निधन झाल्यानंतर अल्पवयीन मुलाच्या नावाने राज्यकारभार हाती घेतला आणि १७०७ मध्ये औरंगजेबाचा मृत्यू होईपर्यंत मोगलांशी लढा चालू ठेवला. १८८२ मध्ये ‘स्त्री-पुरुष तुलना’ लिहिणाऱ्या ताराबाई शिंदे आणि बालवाड्यांचे काम वस्त्यावस्त्यांत पोहोचवणाऱ्या ताराबाई मोडक (१८९२–१९७३) याही याच नावाच्या.

भारताबाहेर हे नाव नेले ते बौद्ध धर्माने, आणि तेही मुख्यतः ‘तारणारी’ या अर्थाने. बौद्ध परंपरेतील एका कथेनुसार जगाचे दुःख पाहून अवलोकितेश्वर या करुणेच्या बोधिसत्त्वाच्या डोळ्यांतून अश्रू ओघळला आणि त्यातून तारा प्रकट झाली. दुसऱ्या कथेत ती एक राजकन्या आहे. पुरुषाच्या जन्मात यावे म्हणजे बोधी मिळणे सोपे जाईल, असा सल्ला भिक्षू तिला देतात आणि ती स्त्रीच्याच देहात राहून बोधी मिळवण्याची प्रतिज्ञा करते. वेरूळच्या बौद्ध लेण्यांत तारेच्या मूर्ती आहेत. श्रीलंकेच्या पूर्व किनाऱ्यावर सापडलेली आणि १८३० पासून ब्रिटिश म्युझियममध्ये असलेली तारेची सोन्याचा मुलामा दिलेली ब्राँझमूर्ती सातव्या-आठव्या शतकातील असून तिची उंची सुमारे १४३ सेंटिमीटर आहे. जावातील कलसन मंदिराचा शिलालेख शके ७००, म्हणजे इसवी सन ७७८ चा आहे. तो संस्कृतात आहे आणि मंदिर तारेसाठी बांधल्याचे त्यात स्पष्ट नोंदले आहे. जावातील नावाबद्दल शंका उरत नाही ती या शिलालेखामुळे.

तिबेटमध्ये मात्र एक महत्त्वाची गोष्ट घडली. तिबेटी पंडितांनी देवतेचे नाव जसेच्या तसे न उचलता त्याचा अर्थ आपल्या भाषेत उतरवला. ‘पार नेणारी, सोडवणारी’ यासाठी त्यांनी ‘डोल्मा’ हा शब्द घडवला आणि तारेची भक्ती त्या नावाने घरोघरी पोहोचली. १०४२ मध्ये तिबेटात गेलेले भारतीय बौद्ध आचार्य अतिश हे स्वतः तारेचे उपासक होते आणि या प्रसाराला त्यांचा मोठा हातभार लागला. आज लडाख, सिक्कीम, भूतान, तिबेट येथे डोल्मा हे स्त्रियांचे अगदी रोजचे नाव आहे. डोलकर म्हणजे श्वेत तारा. मंगोलियात त्याचेच ‘दोलगोर’ झाले. चिनी भाषेत दोन्ही वाटा दिसतात. ‘दुओलुओ’ हे तारा या उच्चाराचे अनुकरण आहे, कारण त्या भाषेला आपला ‘र’ जमत नाही, आणि ‘दूमू’ म्हणजे ‘पैलतीरी नेणारी माता’ हे भाषांतर आहे. ऐकताना डोल्मा, दोलगोर, दूमू आणि तारा या चौघींत काहीच साम्य जाणवत नाही, तरी त्या एकच आहेत. मला या सबंध इतिहासातील हा भाग सर्वांत विलक्षण वाटतो, कारण येथे आवाज सोडून देऊन अर्थ जपला गेला आहे.

आता ज्या तारा केवळ आवाजाने जुळतात त्यांच्याकडे वळू. इटलीतील तारांतो या शहराला ग्रीक लोक तारास म्हणत. स्पार्टाहून आलेल्या वसाहतकारांनी ते इसवी सनपूर्व ७०६ मध्ये वसवले असे परंपरा सांगते, आणि शहराच्या जुन्या नाण्यांवर डॉल्फिनवर स्वार झालेला तरुण कोरलेला आढळतो. जवळच तारा नावाची लहानशी नदी आजही वाहते. बाल्कन प्रदेशातील तारा नदी यापेक्षा पुष्कळ मोठी. तिची दरी काही ठिकाणी १,३०० मीटर खोल असून ती युरोपातील सर्वांत खोल नदीदरी मानली जाते. पुढे ती पिवा नदीला मिळते आणि दोघींच्या संगमातून द्रिना नदी सुरू होते. या दरीवर १९३७ ते १९४० या काळात ३६५ मीटर लांबीचा कमानींचा पूल बांधला गेला. दुसऱ्या महायुद्धात इटालियन सैन्याची वाट अडवण्यासाठी प्रतिकारकांनी १९४२ मध्ये त्याची एक कमान उडवून दिली, आणि ती नेमकी कुठे कमजोर आहे हे सांगणारा अभियंता लाझार याउकोविच हा त्याच पुलाच्या बांधकामावर काम केलेला होता. पुढे तो पकडला गेला आणि त्याला त्याच पुलावर ठार मारण्यात आले. या नदीला तेथील लोक ‘युरोपचा अश्रू’ म्हणतात. अश्रूतून जन्मलेल्या बौद्ध तारेची कथा ठाऊक असणाऱ्याला येथे क्षणभर थबकायला होते. पण ते पाण्याच्या निर्मळपणाचे वर्णन आहे आणि दोन्ही अश्रूंचा एकमेकांशी काहीही संबंध नाही.

सायबेरियातील तारा हे शहर १५९४ मध्ये रशियन लष्करी ठाणे म्हणून वसले. इर्तिशला मिळणाऱ्या तारा नदीवरून त्याला नाव मिळाले. या शहराच्या वाट्याला आलेला एक प्रसंग नावांच्या कोणत्याही इतिहासात नोंदवावा असा आहे. १७२२ मध्ये पीटर द ग्रेटने वारस नेमण्याचा अधिकार स्वतःकडे घेतला आणि पुढे जो कोणी वारस नेमला जाईल त्याच्याशी एकनिष्ठ राहण्याची शपथ प्रजेने घ्यावी, असे फर्मान काढले. फर्मानात त्या वारसाचे नाव नव्हते. तारा शहराच्या रहिवाशांनी, ज्यांत जुन्या धर्माचारांना धरून राहणारे पुष्कळ होते, नाव नसलेल्या माणसाशी इमान राखण्याची शपथ घ्यायला लेखी नकार दिला. ज्याचे नाव सांगितले जात नाही तो ख्रिस्ताचा वैरीच असणार, अशी त्यांतील अनेकांची धारणा होती. सरकारने सैन्य पाठवून हा विरोध अत्यंत क्रूरपणे मोडून काढला. कित्येकांना हाल करून मारण्यात आले आणि शहर त्या आघातातून लवकर सावरले नाही.

पॅसिफिक महासागरातील माओरी भाषेत ‘तारा’ म्हणजे काटा, टोक किंवा शिखर. कुररी जातीच्या समुद्रपक्ष्यालाही तेच नाव आहे. पाठीवर काट्यांची रांग असलेल्या न्यूझीलंडमधील सरपटणाऱ्या प्राण्याचे ‘तुआतारा’ हे नाव यातूनच आले आणि तारानाकी या ज्वालामुखी पर्वताच्या नावातही ते शिखराच्या अर्थाने आहे. वेलिंग्टनच्या बंदराचे नाव ‘ते फांगानुई-आ-तारा’, म्हणजे ताराचे विशाल बंदर, असे आहे. हा तारा पुरुष आहे, फातोंगा या दर्यावर्दी पूर्वजाचा मुलगा. एस्टोनियातील तारापिता हा तेराव्या शतकातील ख्रिस्ती बखरीत उल्लेखलेला देवही पुरुषच.

इतक्या दूरच्या भाषांत एकच उच्चार पुन्हा पुन्हा का सापडावा, याचे कारण फार गूढ नाही. ‘त’, ‘र’ आणि ‘आ’ हे ध्वनी जगातील बहुसंख्य भाषांत आहेत, आणि व्यंजनामागे स्वर ही अक्षरांची सर्वांत सोपी घडण आहे. अशा ध्वनींपासून बनणाऱ्या दोन अक्षरी शब्दांची संख्या मर्यादित असते, त्यामुळे हजारो भाषांत मिळून ते अनेकदा योगायोगाने जुळणारच. म्हणून अभ्यासक आजच्या रूपावर विसंबत नाहीत. नावाचे सर्वांत जुने लिखित रूप कोणते, त्या भाषेत ध्वनी कोणत्या नियमाने बदलले आणि नाव एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी नेणारी माणसे होती का, हे ते आधी पाहतात.

या कसोटीचे मोल आयर्लंडच्या टेकडीइतके कुठेच कळत नाही. तिचे जुने आयरिश नाव ‘तेमैर’ आहे. त्याच्या विभक्तिरूपांतील मधला ‘म’ उच्चारात विरत गेला आणि इंग्रजी लिहिणाऱ्यांनी ऐकू आले तसे ‘तारा’ लिहिले. मूळ शब्दाचा अर्थ ‘दूरवर दृष्टी पोहोचेल असे उंच ठिकाण’ किंवा ‘वेगळे राखलेले पवित्र क्षेत्र’ असा लावला जातो. आयर्लंडच्या श्रेष्ठ राजांचे हे पारंपरिक स्थान. तेथील एक थडगे पाच हजार वर्षांहून जुने आहे आणि ‘लिया फॉल’ नावाची उभी शिळा खऱ्या राजाचा स्पर्श होताच गर्जना करते, अशी आख्यायिका आहे. १५ ऑगस्ट १८४३ रोजी आयरिश नेते डॅनिएल ओकॉनेल यांनी आयरिश संसदेच्या मागणीसाठी आपली अतिप्रचंड सभा मुद्दाम येथेच घेतली.

पण नावाच्या साम्याने या टेकडीचे नुकसानही केले. इंग्रज हे इस्राएलच्या हरवलेल्या जमातींचे वंशज आहेत असे मानणाऱ्या एका पंथाने तारा आणि हिब्रू ‘तोरा’ (ज्यूंचा धर्मग्रंथ) या शब्दांचा संबंध जोडला, आणि बायबलमधील कराराची पेटी, म्हणजे दहा आज्ञांच्या शिळा ठेवलेली पवित्र पेटी, येथेच पुरलेली असली पाहिजे असा निष्कर्ष काढून १८९९ ते १९०२ या काळात टेकडीवर खोदकाम केले. पेटी अर्थातच मिळाली नाही. एका प्राचीन वर्तुळाकार वास्तूचे थर मात्र उद्ध्वस्त झाले, आणि विल्यम बटलर येट्ससारख्या लेखकांना त्याविरुद्ध जाहीरपणे उभे राहावे लागले. दोन शब्द कानाला सारखे लागले एवढ्याच आधारावर जमिनीत कुदळ घातली गेली, याची आजही चीड येते. ‘तारा ब्रूच’ या सुप्रसिद्ध दागिन्याची गोष्ट त्यामानाने निरुपद्रवी आहे. सुमारे इसवी सन ७०० मधील ही नक्षीदार पिन १८५० मध्ये बेटीस्टाउनच्या समुद्रकिनाऱ्यावर सापडली, आणि ती विकत घेणाऱ्या डब्लिनच्या जवाहिऱ्याने तिचे मोल वाढावे म्हणून तिला राजांच्या टेकडीचे नाव देऊन टाकले.

मुलीचे नाव म्हणून ही आयरिश तारा इंग्रजी बोलणाऱ्या जगात पसरली ती विसाव्या शतकात. १९३६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘गॉन विथ द विंड’ या अमेरिकन कादंबरीत आयर्लंडहून आलेला एक स्थलांतरित जॉर्जिया राज्यातील आपल्या कापसाच्या मळ्याला तारा हे नाव देतो. १९३९ च्या चित्रपटामुळे ते घराघरांत पोहोचले आणि पुढच्या दशकांत अमेरिकेत मुलींचे नाव म्हणून रुळले. १९९८ च्या नागानो हिवाळी ऑलिंपिकमध्ये वयाच्या पंधराव्या वर्षी फिगर स्केटिंगचे सुवर्णपदक जिंकणारी तारा लिपिन्स्की, किंवा २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये लांब उडीत सुवर्ण मिळवणारी तारा डेव्हिस-वुडहॉल, यांची नावे आपल्या ताराबाईंशी नव्हे तर मीथमधल्या टेकडीशी जोडलेली परंपरा सांगतात.

अलीकडे मात्र हे दोन प्रवाह खरोखरच एकत्र येत आहेत. आई आयरिश आणि वडील भारतीय अशा कुटुंबांत तारा हे नाव पसंतीला उतरते, कारण दोन्हीकडच्या आजी-आजोबांना ते सारख्याच सहजतेने उच्चारता येते आणि दोघांनाही ते आपल्याकडचे वाटते. अशा मुलीच्या नावाचा उगम पुढे कोणी शोधू लागला, तर त्याला टेकडी आणि आकाशातला तारा अशी दोन उत्तरे नोंदवावी लागतील, आणि ती दोन्ही बरोबर असतील.