दाराचं बीडिंग वेगळं, काचेची पट्टी वेगळी

पहिला मोठा पाऊस पडला की जुन्या गाडीचं कार्पेट ओलं होतं आणि ठरलेला सल्ला मिळतो: "बीडिंग गेलंय, बदलून टाका." चारही दारांचं बीडिंग बदलतात. पुढच्या पावसात कार्पेट पुन्हा ओलं. मग रबराला नावं ठेवायची. अहो, रबर चांगलंच होतं, पाणी दुसरीकडून येत होतं.

बीडिंग सगळ्यांना ठाऊक आहे. दार उघडलं की चौकटीभोवती दिसतं ते पोकळ, मऊ रबर. काचेची पट्टी म्हणजे खिडकीच्या तळाशी, बाहेरच्या पत्र्याच्या कडेवर काचेला टेकून बसलेली काळी पट्टी. दुकानात दोन्हींना 'वेदर स्ट्रिप'च म्हणतात, म्हणून मागताना जागा सांगा. दारावरची मोल्डिंग यात धरू नका, ती ओरखड्यांपुरती आणि शोभेपुरती.

आता मुख्य गोष्ट. बीडिंग पाणी अडवतं, पट्टी काच पुसते. काच खालीवर सरकायची असल्यामुळे पट्टी तिला गच्च आवळू शकत नाही. नवीकोरी पट्टी असली तरी मुसळधार पावसात थोडं पाणी दाराच्या पोटात उतरतंच, आणि दार ते धरूनच बनवलेलं असतं. तळाच्या कडेला पाणी निथळायची भोकं असतात. दाराच्या आतल्या पॅडमागे, म्हणजे गाडीत बसल्यावर दिसणाऱ्या आवरणामागे, प्लॅस्टिकचा कागद चिकटवलेला असतो, तो पाणी पॅडपर्यंत येऊ न देता खाली भोकांकडे वळवतो.

पट्टी उन्हाने कडक होऊन काचेपासून सुटली की पाण्याबरोबर माती आणि पानंही आत जातात, भोकं बुजतात. त्यातच स्पीकर बसवताना कुणी तो कागद फाडला असेल, तर पाणी पॅडखालून थेट गाडीत येतं. ही जागा बीडिंगच्या आतल्या बाजूला आहे. तिथून आलेलं पाणी कितीही भारी बीडिंग लावलं तरी अडणार नाही.

आमच्या गाडीला मी दोन पावसाळ्यांत दोनदा बीडिंग बदललं. शेवटी पॅड काढला, तर कागद अर्धा लोंबत होता. दाराच्या तळाशी गुलमोहराची बारीक पानं कुजून चिखल झाला होता. भोकात तार घातली आणि तांब्याभर काळं पाणी बाहेर आलं. कागद ब्यूटाइल टेपने, म्हणजे चिकट रबरी पट्टीने, परत चिकटवला, पट्टी नवी घातली. तेव्हापासून कार्पेट कोरडं आहे.

म्हणून पैसे खर्च करण्याआधी दार बंद करून काचेवर पाइपने पाणी सोडा आणि आत बसून बघा. चौकटीच्या कडेने ओघळ आला तर बीडिंग. पॅडच्या खालच्या कडेतून आला तर कागद आणि भोकं. दार हलवल्यावर आत पाणी डुचमळलं तर भोकं नक्की बुजलीत. बीडिंगची शंका असेल तर दारात नोट धरून दार लावा आणि ओढा. सहज सुटली तर तिथे रबर दाबलं जात नाही.

बीडिंग ताणून लावू नका, ताणलेलं रबर पुढे आखडतं आणि कोपऱ्यात फट पडते. थोडं जास्त कापून दाबत बसवा, जोड खाली उंबऱ्याशी ठेवा. पट्टी काढताना काच पूर्ण खाली घ्या आणि प्लॅस्टिकचं हत्यार वापरा, स्क्रूड्रायव्हरने रंग उडतो आणि तिथूनच गंज धरतो. रबराला साधं ग्रीस चोपडू नका, त्याने रबर फुगतं. सिलिकॉनचं वंगण चालतं. पण काचेच्या कडेला सिलिकॉन सीलंट भरणं मला अजिबात मान्य नाही. त्याहून वाईट म्हणजे खालून पाणी ठिबकतं म्हणून भोकंच बुजवणं. ते ठिबकणारं पाणी बघितलं की समजा, दार ठीक आहे.