मेगावॉट आणि युनिट: पवनचक्की नेमकी मोजायची कशात?

'या प्रकल्पातून वर्षाला ५० मेगावॉट वीज तयार होणार' अशा थाटाचं वाक्य अधूनमधून वाचायला मिळतं. ऐकायला भारदस्त, पण त्याला अर्थ नाही. मेगावॉट वर्षाला किंवा दिवसाला तयार होत नसतात. तयार होतात ती युनिटं. पवनऊर्जेवरचे निम्मे वाद या एका घोळातून निघतात, आणि घोळ घालणारे दोन्ही बाजूंना असतात.

पवनचक्क्या बघायला गेलात आणि तंत्रज्ञाने मनोऱ्याच्या पायथ्याचं लोखंडी दार उघडून दाखवलं, तर आतल्या कंट्रोल पॅनेलचा स्क्रीन नीट बघा. वाऱ्याचा वेग आणि पात्यांचे मिनिटाला होणारे फेरे असतातच, पण विजेचे दोन आकडे असतात. एक सारखा नाचत असतो: ६१२ किलोवॉट, ५८०, ६४५. दुसरा फक्त चढत जातो. तो म्हणजे चक्की सुरू झाल्यापासूनचे एकूण किलोवॉट-तास, अर्थात वीजबिलावरचं आपलं युनिट. पहिला आकडा गाडीचा वेग, दुसरा कापलेलं अंतर. 'वर्षाला ५० मेगावॉट' म्हणणं म्हणजे 'वर्षाला ताशी ८० किलोमीटर' म्हणण्यातलाच प्रकार.

आता '२ मेगावॉटची चक्की' म्हणजे काय? तर ती एका क्षणी जास्तीत जास्त किती देऊ शकते, ते: २,००० किलोवॉट. वारा सेकंदाला ३-४ मीटर झाला की निर्मिती सुरू होते, १२ मीटरच्या आसपास पूर्ण क्षमता गाठली जाते आणि साधारण २५ मीटरच्या वर पात्यांची धार वाऱ्याकडे वळवून चक्की स्वतःला थांबवते. मधला टप्पा मात्र फसवा आहे. वाऱ्यातली ऊर्जा त्याच्या वेगाच्या घनाच्या प्रमाणात बदलते. वेग निम्मा झाला की ऊर्जा एक-अष्टमांश! त्यामुळे १२ मीटरला २ मेगावॉट देणारी चक्की ६ मीटरला अडीचशे-तीनशे किलोवॉटच्या घरात येते, आणि पाती तर छान फिरताना दिसत असतात. पाहुण्याला वाटतं, जोरात चाललंय!

वर्षात ८,७६० तास असतात. २ मेगावॉटची चक्की सगळे तास पूर्ण क्षमतेने चालली, तर १ कोटी ७५ लाख युनिटं निघतील. तसं कधीच होत नाही. क्षमतेचा वापर ३० टक्के धरला तर साडेबावन्न लाख युनिटं हातात येतात. जमिनीवरच्या चांगल्या जागी हे प्रमाण २५ ते ४० टक्के असतं, समुद्रातल्या चक्क्यांचं त्याहून जास्त.

'म्हणजे सत्तर टक्के वाया?' हा प्रश्न इथे हमखास येतो. नाही. क्षमतेचा वापर म्हणजे कार्यक्षमता नव्हे. वाऱ्यातल्या ऊर्जेपैकी कितपत पकडता येते, हा हिशेब वेगळा, आणि त्याची कमाल मर्यादा ५९.३ टक्के आहे. अल्बर्ट बेट्झ या जर्मन शास्त्रज्ञाने ती शंभर वर्षांपूर्वी गणिताने मांडली. आणि जो वारा वाहिलाच नाही, तो वाया कसा जाईल? त्यासाठी कुणी इंधनाचं बिल भरलेलं नसतं.

क्षमतेचा वापर बऱ्याच अंशी चक्की बनवणाऱ्याच्या हातात असतो, हे फार कुणी सांगत नाही. ८० मीटर व्यासाचा रोटर (म्हणजे पात्यांचं फिरणारं चक्र) आणि ११० मीटर व्यासाचा रोटर, दोन्हींना २ मेगावॉटचंच जनित्र जोडता येतं. कागदावर दोन्ही सारख्या. पण दुसरीचा रोटर जवळजवळ दुप्पट क्षेत्रातला वारा झेलतो, त्यामुळे मंद वाऱ्याच्या जागी ती कितीतरी जास्त युनिटं देते. नुसते मेगावॉट बघून चक्की निवडणाऱ्याला हा फरक दिसणारच नाही.

म्हणून अपारंपरिक ऊर्जेची बाजू मांडायची तर ती युनिटांत मांडावी, असं माझं मत आहे. १०० मेगावॉट सौर, १०० मेगावॉट पवन आणि १०० मेगावॉट अणुवीज यांना एका रांगेत बसवणारी जाहिरात दिशाभूल करते. सौर पॅनेलला रात्र आहे, अणुभट्टी वर्षाचा बहुतेक काळ पूर्ण क्षमतेने चालू शकते. युनिटांत बोललं तरी पवनऊर्जेची बाजू लंगडी पडत नाही. हवामानबदलावरच्या आंतरसरकारी समितीच्या २०१४ च्या अहवालात, उभारणीपासून मोडीत काढेपर्यंतचा सगळा हिशेब धरून, जमिनीवरच्या पवनऊर्जेच्या एका युनिटमागे सुमारे ११ ग्रॅम कार्बन डायऑक्साइड धरला आहे. कोळशाच्या युनिटमागे ८२०. आपल्या उदाहरणातली साडेबावन्न लाख युनिटं कोळशाऐवजी वाऱ्यातून आली, तर वर्षाला चार हजार टनांहून अधिक उत्सर्जन टळतं. डेन्मार्कमध्ये अलीकडच्या वर्षांत निम्मी किंवा त्याहूनही जास्त वीज वाऱ्यातून येते, आणि हा वाटा युनिटांतला आहे, नुसत्या क्षमतेतला नाही.

मेगावॉट मग निरुपयोगी का? अजिबात नाही. ग्रीड, म्हणजे वीजवाहिन्यांचं जाळं, सांभाळणाऱ्याला वर्षाच्या युनिटांशी त्या क्षणी काही देणंघेणं नसतं. संध्याकाळी सातला मागणी चढली आणि वारा पडला, तर त्याला तेव्हाच्या तेव्हा मेगावॉट हवे असतात. पवनऊर्जेची खरी अडचण ही आहे, आणि तिच्या समर्थकांनी ती मोकळेपणाने मान्य करावी. उपाय म्हणून लांबवरच्या वाहिन्या, जलविद्युत आणि बॅटऱ्या आहेत. बॅटरीच्या बाबतीत तर दोन्ही आकडे विचारल्याशिवाय पुढे जाऊच नये. दक्षिण ऑस्ट्रेलियात हॉर्न्सडेलच्या पवनचक्क्यांशेजारी २०१७ मध्ये उभी राहिलेली बॅटरी १०० मेगावॉटची म्हणून गाजली. तिची साठवण मात्र १२९ मेगावॉट-तास, म्हणजे १ लाख २९ हजार युनिटं, होती. पूर्ण जोराने चालवली तर सव्वा तासात रिकामी. ग्रीडला क्षणिक धक्क्यातून सावरायला तेवढी पुष्कळ झाली; वारा नसलेली अख्खी रात्र काढायला नाही.