काच धुरकटली, पण कोणत्या बाजूने?

जून लागला की गाडीच्या काचेवरच्या वाफेबद्दल दोन सल्ले फोनवरून फिरू लागतात. एक म्हणतो, काच धुरकटली की एसी लावा. दुसरा म्हणतो, एसीमुळेच काच धुरकटते, तो आधी बंद करा. दोन्ही सल्ले अनुभवातून आलेले आहेत आणि दोन्ही अर्धे खरे आहेत. गाडीसोबतचं पुस्तक उघडावं, तर ‘काचेवरचा बर्फ किंवा बाष्प घालवण्यासाठी हे बटण वापरा’ यापलीकडे तिथे फारसं काही नसतं. जिथे हिवाळ्यात काचेवर बर्फ साचतो, तिथे एवढं सांगून भागतं. तिथली बाहेरची हवा थंड आणि कोरडी, ओल काय ती गाडीच्या आत. मालवणात किंवा रत्नागिरीत जुलैमध्ये ओल दोन्हीकडे असते, आणि बरेचदा बाहेरच जास्त. म्हणून तेच बटण इथे कधी उपयोगी पडतं, तर कधी उलटं काम करतं.

या बटणाला डिफॉगर म्हणतात. त्याची चिन्हं आधी ओळखून घेऊ. सुपासारखा पसरट, वाकडा आकार आणि त्यातून वर जाणारे नागमोडी बाण म्हणजे पुढची काच. सरळ चौकोन आणि तसेच बाण म्हणजे मागची काच. बाण सारखेच असले तरी आतली यंत्रणा अगदी वेगळी आहे. पुढच्या काचेवर हवा सोडली जाते. मागच्या काचेवर विजेने तापणाऱ्या रेघा असतात.

आता मूळ मुद्दा. हवेत किती बाष्प मावेल हे तापमानावर ठरतं. एक घनमीटर हवेत ३० अंश सेल्सिअसला जास्तीत जास्त ३० ग्रॅम बाष्प मावतं, २५ अंशांना २३ ग्रॅम, १० अंशांना साडेनऊ ग्रॅमच्या आसपास आणि शून्य अंशाला पाच ग्रॅमहूनही कमी. हवा गार होत गेली की एका तापमानाला ती भरून जाते आणि त्याखाली पाणी सुटू लागतं. हा दवबिंदू. सोलकढीच्या थंड पेल्याला बाहेरून घाम येतो तो याचमुळे. नियम असा: काचेचं तापमान तिला लागून असलेल्या हवेच्या दवबिंदूखाली गेलं की त्या बाजूला पाणी धरतं. त्या बाजूला, हे महत्त्वाचं. काच एकच असली तरी आतल्या आणि बाहेरच्या हवेचे दवबिंदू वेगवेगळे असतात.

मालवण ते आंबोली या एकाच प्रवासात दोन्ही प्रकार दिसतात. किनाऱ्यावर पावसाळी दिवशी हवा २७ अंश आणि आर्द्रता ९० टक्के असेल, तर बाहेरचा दवबिंदू २५ अंश. आत एसी जोरात, हवेची दिशा काचेकडे आणि तापमानाचा नॉब पार निळ्या टोकाला. काच २२ अंशांवर यायला वेळ लागत नाही, आणि बाहेरच्या बाजूला दव धरतं. हे ओळखायचं कसं? डाग काचेच्या खालच्या कडेला, जिथून हवा येते तिथे, पंख्याच्या आकारात सुरू होतो. आतून बोट फिरवून तो जात नाही, वायपर एकदा फिरवला की जातो आणि मिनिटभरात परत येतो. अशा वेळी निळ्या टोकावरच राहून डिफॉगरचं बटण दाबलं, तर काच आणखी गार होते आणि दव वाढतं. ‘एसीमुळे काच धुरकटते’ म्हणणाऱ्यांचा अनुभव हा.

आता सावंतवाडी सोडून घाट चढू. आंबोली सुमारे ६९० मीटर उंचीवर. ढगातली, पावसातली हवा दर हजार मीटरला चार ते पाच अंशांनी गार होते, म्हणजे वर पोचेपर्यंत तीनेक अंशांचा फरक पडतो. गारठा वाटतो म्हणून कुणीतरी एसी बंद करतं, पाऊस आत येतो म्हणून काचा बंद असतात आणि आतलीच हवा फिरवणारं बटण किनाऱ्यापासून चालूच राहिलेलं असतं. गणपतीला गावी निघालेली गाडी असेल तर आत पाच माणसं. एका माणसाच्या श्वासातून आणि घामातून तासाला साधारण ४५ ग्रॅम पाणी हवेत जातं, पाच जणांचं सव्वादोनशे ग्रॅम. गाडीतली हवा जेमतेम तीन घनमीटर. तिच्यात २५ अंशांना मावतं ७० ग्रॅम, त्यातलं ६० टक्के आधीच भरलेलं. उरलेली जागा भरायला सात-आठ मिनिटं पुरतात. ओल्या छत्र्या आणि पायपुसण्या यात धरलेल्या नाहीत. बाहेर पाऊस काच गार करतोय, आत दवबिंदू २५ च्या घरात, आणि वळणावर काच एकाएकी आंधळी होते. अख्खी काच धुरकटायला चमचाभर पाणी पुरतं, कारण त्याचे लाखो बारीक थेंब होतात आणि प्रत्येक थेंब प्रकाश विखुरतो.

आतून धरलेली ही वाफ घालवण्यासाठी डिफॉगर बनला आहे. त्याची रचना फार सुंदर आहे आणि पुस्तकात नेमकी तीच सांगितलेली नसते. बाहेरून किंवा आतून घेतलेली सगळी हवा डॅशबोर्डमागच्या कूलिंग कॉइलमधून जाते. एसी चालू असेल तर कॉइल तीन ते पाच अंशांपर्यंत गार होते. त्याहून गार होऊ देत नाहीत, नाहीतर कॉइलवरच बर्फ धरून हवा अडते. हवेतलं पाणी इथे गळून पडतं आणि नळीवाटे गाडीखाली टपकतं. त्यानंतर हवा एका झडपेपाशी येते. नॉब निळ्याकडे असेल तर ती तशीच पुढे जाते. लालकडे वळवला तर झडप तिला हीटरच्या जाळीतून पाठवते, जिथे इंजिनचं ९० अंशांच्या आसपासचं कुलंट, म्हणजे इंजिन गार ठेवणारं द्रव, फिरत असतं. म्हणजे हवा आधी गार करून पिळायची आणि मग गरम करायची. पाच अंशांवर पूर्ण भरलेली हवा ४० अंशांपर्यंत तापवली, की तिची सापेक्ष आर्द्रता १२ टक्क्यांवर येते. कोकणातल्या पावसाळी हवेत ब्लोअर, म्हणजे हवा ढकलणारा पंखा, पूर्ण वेगात असताना कॉइल एवढी गार राहत नाही. तरी २० टक्क्यांच्या आसपास उतरायला हरकत नाही. अशी हवा काचेवरचं पाणी हावऱ्यासारखी ओढून घेते.

‘एसी आणि हीटर एकदम लावणं म्हणजे इंधनाची उधळपट्टी’ हा समज इथे आड येतो. एसीचा कॉम्प्रेसर इंधन खातो हे खरं, पण हीटरची उष्णता इंजिन एरवी रेडिएटरमधून फेकूनच देणार असतं. (इलेक्ट्रिक गाडीत मात्र ती बॅटरीतून घ्यावी लागते.) वातानुकूलन मुळात हवा कोरडी करण्यासाठीच जन्माला आलं. १९०२ मध्ये विलिस कॅरियर यांनी पहिली यंत्रणा आखली ती ब्रुकलिनच्या एका छापखान्यासाठी, कारण दमट हवेत कागद फुगून रंग जागेवर बसत नव्हते.

एसी न लावता नुसता हीटर लावला तर? पुढची काच तापून निवळेल, पण हवेतलं पाणी तसंच राहील. तीच उबदार, दमट हवा बाजूच्या गार काचांना लागली की त्या धुरकटतात आणि आरसे दिसेनासे होतात. बाजूच्या काचा गेल्या, पुढची स्वच्छ, हे एसी बंद असल्याचं लक्षण समजावं.

दव रोखण्याचे मार्ग दोनच: हवा कोरडी करा, नाहीतर काच गरम करा. आतून धुरकटलं तर कोरडी हवा पुरते. बाहेरून धुरकटलं तर बाहेरचं आकाश कोरडं करणं आपल्या हातात नाही, फक्त काच गरम करता येते. म्हणून दोन्ही रोगांवर चालणारा क्रम असा: एसी चालू, हवा काचेकडे, नॉब मधल्या खुणेच्या पुढे लालकडे, ब्लोअर पूर्ण. दोन-तीन मिनिटं आत उकडेल. काच निवळली की हवा तोंडाकडे किंवा पायांकडे वळवा आणि नॉब २५-२६ अंशांच्या जागी आणा. इंजिन गार असेल तर ऊब यायला पाच-दहा मिनिटं लागतील. तोवर बाहेरचं दव वायपरने काढावं आणि थंड हवा काचेपासून दूर वळवावी. काही गाड्यांत काचेची खूण निवडली की कॉम्प्रेसर आपोआप चालू होतो, पण एसीचा दिवा लागत नाही. तो ‘बंदच आहे’ असं समजून गोंधळू नये.

यात हमखास होणारी एक चूक आहे. काच निवळली म्हणून एसी बंद करतात, ब्लोअर तसाच ठेवतात, आणि काही सेकंदांत सगळं पांढरं. कॉइलच्या पात्यांना पाव लिटरच्या घरात पाणी चिकटलेलं असतं. गारवा थांबला की ब्लोअर तेच पाणी उचलून थेट काचेवर आणतो. एसी बंद करायचाच असेल तर हवा आधी पायांकडे वळवा आणि बाहेरची हवा आत घ्या. घाटात मात्र बंद करूच नये, गारठा वाटला तर नॉब लालकडे सरकवावा.

आतली हवा फिरवायची की बाहेरची घ्यायची, यावर थंड देशांतला सल्ला ठाम आहे: बाहेरची. शून्य अंशाच्या हवेत पाच ग्रॅमसुद्धा पाणी नसतं, ती आत घेऊन तापवली की काम झालं. आपल्याकडे बाहेरची हवा घनमीटरमागे २२-२३ ग्रॅम पाणी घेऊन येते. तेव्हा किनाऱ्यावर एसी चालू असताना आतलीच हवा फिरवणं चुकीचं नाही. ती प्रत्येक फेरीत आणखी कोरडी होते. एसी बंद असताना मात्र ते बटण चालू ठेवणं म्हणजे आपलाच श्वास काचेवर सोडणं. आणि लांबच्या प्रवासात अधूनमधून बाहेरची हवा घ्यावीच, कारण कोंडलेल्या हवेत कार्बन डायऑक्साइड वाढतो आणि चालकाला सुस्ती येते.

उपायांच्या बाजारातही थोडं डोकावू. काचेला तंबाखू किंवा बटाटा चोळण्याचा ट्रकचालकांचा जुना तोडगा बाहेरच्या बाजूला थोडा वेळ खरंच चालतो. त्याने पाण्याचे थेंब न होता सलग पापुद्रा होतो आणि पापुद्र्यातून आरपार दिसतं. आतल्या बाजूला शाम्पूचा पुसट हात हेच करतो, आणि ‘नॅनो’ लिहिलेल्या महागड्या फवाऱ्यांचंही तत्त्व बहुधा हेच. हवेतलं पाणी यातल्या कशानेच कमी होत नाही. सिलिका जेलची शंभर ग्रॅमची पिशवी फार तर ३०-४० ग्रॅम पाणी शोषते, म्हणजे एका प्रवाशाचं तासाभराचंही नाही. मिठाची पुरचुंडी तर इथे ठेवूच नये. ७५ टक्के आर्द्रतेपुढे मीठ स्वतः विरघळतं, हे पावसाळ्यात मिठाची बरणी उघडणाऱ्या प्रत्येकाला माहीत आहे. त्याचं पाणी पत्र्यावर गळलं की गंज.

रात्री घाटात काचेवर अचानक हाताचा पंजा उमटल्याची चित्रफीतही दर पावसाळ्यात नव्याने फिरते आणि तिच्यासोबत त्या वळणावरच्या ‘बाई’ची गोष्ट. हात टेकला की त्वचेवरचं तेल काचेवर राहतं. कोरड्या काचेवर ते दिसत नाही. वाफ धरली की तेलकट जागेवरचे थेंब वेगळ्या आकाराचे होतात आणि आठवड्यापूर्वी मुलाने टेकवलेला पंजा स्पष्ट उभा राहतो. काच आतून नीट धुवा, पंजा पुन्हा येणार नाही. मळकी काच लवकर धुरकटलेली दिसते, म्हणून पावसाळ्यात आतली काच आठवड्याला साबणाच्या पाण्याने पुसून वर कोरडं सुती फडकं फिरवणं तसंही गरजेचं आहे.

मागच्या काचेवरच्या तपकिरी रेघा म्हणजे काचेवर भाजून बसवलेला चांदीचा लेप. १२ व्होल्टवर १५ अँपिअर धरले तर १८० वॅट होतात. काचच तापत असल्यामुळे दव आतून असो वा बाहेरून, दोन्ही जातं. वीज एवढी लागते, म्हणून टायमर दहा-पंधरा मिनिटांनी ती तोडतो. तो बिघाड नाही. एखादी रेघ तुटली तर तिच्या भोवतीचा पट्टा तेवढा धुरकट राहतो. तुटलेली जागा शोधायला इंजिन आणि डिफॉगर चालू ठेवून मल्टिमीटरची (व्होल्ट मोजणाऱ्या यंत्राची) काळी पिन गाडीच्या पत्र्याला लावा. लाल पिनच्या टोकाला ॲल्युमिनियम फॉइल गुंडाळा, म्हणजे लेप खरवडणार नाही. चांगल्या रेघेवर एका टोकाला सुमारे १२ व्होल्ट, मध्यावर ६ आणि दुसऱ्या टोकाला शून्य दिसतं. तुटलेल्या रेघेवर आकडा १२ च राहतो आणि एका जागी एकदम शून्यावर कोसळतो. तिथे चांदीची पूड असलेला विद्युतवाहक रंग लावून दिवसभर वाळू द्यावा. काच पुसताना हात रेघांच्या दिशेनेच, आडवा, फिरवावा. जुनी सनफिल्म ओढून काढताना सगळ्यात जास्त रेघा जातात.

थंडीची बाकीची बटणं इथे क्वचितच लागतात. रस्त्यावर बर्फ असू शकतो असं सांगणारा, तीन-चार अंशांना लागणारा बर्फाच्या पाकळीचा दिवा किनाऱ्यावर दिसणार नाही. दापोलीत जानेवारीतला पारा कधीकधी १० अंशांखाली जातो, पण तेवढ्याने तो लागत नाही. ‘स्नो’ मोड मात्र उपयोगी आहे. त्यात ॲक्सिलरेटरचा प्रतिसाद मंद होतो, काही गाड्या दुसऱ्या गिअरमध्ये सुटतात, आणि चाकाला बेताचा जोर मिळतो. शेवाळलेल्या जांभ्याच्या उतारावर किंवा ओल्या गवतातून गाडी काढताना चाक जागेवर फिरत राहत नाही.

आणि हे सगळं करूनही काच निवळत नसेल, तर पाणी बाहेर जात नाही असं समजावं. एसी अर्धा तास चालवून गाडी कोरड्या फरशीवर उभी करा. खाली पाणी टपकलं नाही, उलट पायाखालचं कार्पेट ओलं लागलं, तर कॉइलची नळी तुंबली आहे. गॅरेजमध्ये खालून हवा मारली की ती मोकळी होते. बॉनेट उघडून वायपरखालच्या जाळीत अडकलेली आंब्याची, फणसाची पानं काढा, नाहीतर पावसाचं पाणी तिथूनच ब्लोअरमध्ये उतरतं. आत येणारी हवा गाळणारा केबिन फिल्टर काढून उजेडात धरा. काळा आणि ओलसर असेल तर किलोमीटर मोजत न बसता बदला.