वायुप्रवाही लेझर: गेनचा एकच आकडा का पुरत नाही

‘गेन कळवला, आरशांची परावर्तकता कळवली, मग पॉवरचा हिशेब द्यायला इतके दिवस का?’ असं बरेच ग्राहक विचारतात. प्रश्न रास्त आहे. गेन म्हणजे लेझरच्या वायूतून जाताना प्रकाश किती वाढतो त्याचं माप; त्यावरून लेझर किती पॉवर देईल याचा हिशेब आम्ही करून देतो.

सीलबंद नळीच्या लेझरचं काम गेन आणि आरशांच्या परावर्तकतेवरून पॉवर काढणाऱ्या रिग्रॉडच्या सूत्रावर बहुतेक वेळा भागतं. ब्लोअर लावून बीमला आडव्या प्रवाहात चालणाऱ्या कार्बन डायऑक्साइड लेझरचं तसं नाही. तिथे बरीचशी ऊर्जा नायट्रोजनच्या कंपनांत साठलेली असते आणि वायूबरोबर पुढे वाहत जाते. वेग सेकंदाला १०० मीटर आणि आरसा प्रवाहाच्या दिशेने ५ सेंटीमीटर रुंद असेल, तर वायू अर्ध्या मिलिसेकंदात बीम ओलांडून जातो. तेवढ्यात नायट्रोजनने किती ऊर्जा कार्बन डायऑक्साइडला दिली, त्यातली बीमने किती उचलली आणि टक्करींमध्ये उष्णता होऊन किती गेली, यावर पॉवर ठरते. म्हणून आम्ही प्रवाहाच्या दिशेने बारीक पट्ट्या पाडून हिशेब करतो. ते टाळून दिलेला आकडा आम्ही कुणाच्या हाती देणार नाही.

पण सगळ्यात जास्त दिवस जातात ते एकाच चुकीपायी: गेन नेमका कुठे मोजला हे कळवलेलंच नसतं. डिस्चार्जच्या (वायूला ऊर्जा देणाऱ्या विद्युत-विसर्जनाच्या) मध्यावरचा गेन वेगळा, वायू आरशांमध्ये शिरतो त्या कडेचा वेगळा, आणि आमचं गणित त्या कडेपासून सुरू होतं. लेझर चालू असताना आरशांमधला गेन तोटा भरून काढण्यापुरताच उरतो. ताजा वायू त्याहून जास्त गेन घेऊन येतो आणि तो जादा गेन शिरताशिरताच उतरतो. त्यामुळे साध्या रेझोनेटरमध्ये (समोरासमोरच्या आरशांच्या जोडीत) तीव्रता त्या कडेला एकदम चढते, मग घसरत जाते. सरासरी तीव्रता मर्यादेत, तरी कोटिंग एकाच कडेला जळालेलं, असा आरसा दिसला की आम्ही आधी हेच तपासतो. अनस्टेबल रेझोनेटरमध्ये (जिथे प्रकाश दर फेरीला बाहेर पसरत जातो) किंवा बीम आरशांवरून अनेकदा फिरवलेला असेल तर चित्र बदलतं, म्हणून मांडणीचा आराखडा हवाच.

तेव्हा गेन प्रवाहाच्या दिशेने निदान तीन ठिकाणी मोजा आणि प्रत्येक जागेचं इलेक्ट्रोडच्या कडेपासूनचं अंतर लिहा. सोबत वायूचं मिश्रण, दाब, वेग, डिस्चार्जची पॉवर आणि वायूचं तापमान कळवा. तापमान पुष्कळदा राहून जातं. वायू तापला की रेणूंची खालची लेझर ऊर्जा-पातळी भरते आणि गेन पडतो.

प्रोब लेझर (गेन मोजायला वायूतून सोडायचा छोटा लेझर) नसेल तर मोजमाप आम्ही येऊन करून देतो. मग आरसा थोडा मागेपुढे सरकवला तर पॉवर किती बदलेल, हा हिशेबही त्याच कामात मिळतो, वेगळे पैसे न घेता.