आठ सेकंदांचा सूर

बीटल्सचं १९६७ सालचं 'स्ट्रॉबेरी फील्ड्स फॉरेव्हर' सुरू होतं ते बासऱ्यांनी. त्या बासऱ्या पॉल मॅकार्टनीने मेलोट्रॉन या टेपवर चालणाऱ्या कीबोर्ड वाद्याच्या पट्ट्या दाबून वाजवल्या होत्या. आज तोच आवाज लॅपटॉपवर मिळतो. त्याची तुलना करायची तर आधी त्या जुन्या लाकडी खोक्यात डोकावायला हवं.

मूळ कल्पना कॅलिफोर्नियातल्या हॅरी चेंबरलिन यांची. त्यांचा विक्रेता बिल फ्रॅन्सन १९६२ मध्ये त्यांची दोन वाद्यं घेऊन इंग्लंडला गेला आणि बर्मिंगहॅमच्या ब्रॅडली बंधूंकडे त्याने टेपवरचा आवाज वाचणारी एकसारखी ७० टेप-हेड मागितली. वाद्य दुसऱ्याचं आहे, हे मात्र सांगितलं नाही. त्याच बंधूंनी बनवलेलं मेलोट्रॉन १९६३ मध्ये बाजारात आलं. पुढे चेंबरलिन यांना हे कळलं, भांडण झालं आणि पैसे देऊन ते मिटवावं लागलं.

प्रत्येक पट्टीखाली खऱ्या वाद्याचा एकेक सूर ध्वनिमुद्रित केलेली टेप असते. पट्टी दाबली की ती टेप हेडवर आणि सतत फिरणाऱ्या दांड्यावर दाबली जाते, सरकत वाजते आणि खालच्या खणात साठते. बोट उचललं की स्प्रिंग तिला मागे खेचते. टेपेला सुरुवात आहे, म्हणून गज तारेला टेकतो तो क्षणही ऐकू येतो. शेवटही आहे, म्हणून साधारण आठ सेकंदांनी सूर तुटतो. एकदम बऱ्याच पट्ट्या दाबल्या तर मोटर दमते आणि सूर उतरतो. सेल संपत आलेल्या टेपरेकॉर्डरवर गाणी ऐकलेल्यांना हे वेगळं सांगायला नको. १९७० च्या एम४०० या मॉडेलमध्ये ३५ पट्ट्या होत्या आणि प्रत्येक टेपेवर शेजारीशेजारी तीन वाद्यं.

माइक पिंडर हा वादक आधी मेलोट्रॉनच्याच कारखान्यात कामाला होता. मूडी ब्लूज या ब्रिटिश बँडमध्ये त्याने हे वाद्य असं वाजवलं की खोक्यातला ऑर्केस्ट्रा भरून येतो. १९७९ मध्ये फेअरलाइटसारखी डिजिटल सॅम्पलिंगची, म्हणजे टेपेऐवजी संगणकात आवाज साठवून वाजवणारी यंत्रं आली आणि १९८६ पर्यंत कारखाना थांबला.

२०१० मध्ये स्वीडनमधून आलेल्या एम४०००डी या डिजिटल मेलोट्रॉनमध्ये आवाज मूळ टेपांवरूनच घेतले आहेत, आणि ते सुंदर आहेत. तरी मला फरक जाणवतो. डिजिटल पट्टी दर वेळी तंतोतंत तेच वाजवते. टेप दर वेळी किंचित वेगळी सरकते. एम-ट्रॉन या सॉफ्टवेअरच्या कर्त्यांनी मात्र एक गोष्ट जपली. संगणकाला सूर कितीही लांबवता आला असता, तरी त्यांनी तो आठ सेकंदांवरच तोडला. त्यामुळे तिथेही वादकाला सूर संपायच्या आत बोट उचलून दुसऱ्या पट्टीवर जावंच लागतं.