मशीन गरम होत नाहीये? आधी तळ बघा (ऑल-इन-वन ब्रुइंग मशीन वापरणाऱ्या आमच्या ग्राहकांसाठी)

"डिस्प्लेवर आकडे दिसतायत, पंप पण फिरतोय, पण टेंपरेचर वर जातच नाहीये, बोर्ड गेला का?" आम्हाला येणारे बहुतेक फोन असेच सुरू होतात आणि बहुतेक वेळा बोर्ड ठणठणीत असतो, करपलेला असतो तो तळ. म्हणून हे लिहून काढलंय. नवीन मशीनसोबत देतोय, जुन्या ग्राहकांना व्हॉट्सॲपवर पण पाठवतोय. एकदा शेवटपर्यंत वाचा, तुमची बॅच वाचेल.

त्याआधी एक गोष्ट स्पष्ट सांगतो, कारण रोज कोणीतरी विचारतं. ही मशीनं ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंडकडे घरी बिअर बनवणाऱ्यांसाठी निघाली आणि तिकडे ते चालतं. महाराष्ट्रात १९४९ च्या दारूबंदी कायद्यामुळे परवान्याशिवाय बिअर बनवता येत नाही, घरी स्वतःपुरती सुद्धा नाही. त्यामुळे आम्ही मशीन देतो ते लायसन असलेल्या मायक्रोब्रुअरींना ट्रायल बॅचसाठी, फूड टेक्नॉलॉजीच्या लॅबना आणि बिनअल्कोहोलचं माल्टचं (म्हणजे मोड आणून वाळवलेल्या धान्याचं) ड्रिंक करणाऱ्यांना. घरासाठी मागायला आलेल्यांना नाही म्हणावं लागतं, त्यांनी कृपया राग मानू नये.

आता मुद्द्याचं. आमच्याकडच्या मशीनमध्ये एलिमेंट पाण्यात बुडालेलं नसतं, ते स्टीलच्या तळाला खालून लावलेलं असतं आणि त्याच्या शेजारीच एक थर्मल कटऑफ असतो. माल्टमध्ये पीठ जास्त असेल तर ते माल्ट ठेवायच्या बास्केटच्या जाळीतून खाली उतरतं, तळावर बसतं, आणि मग बासुंदी ढवळायची राहिली की जशी खाली लागते तसं ते लागतं. एकदा तो थर धरला की खालची उष्णता वर वॉर्टमध्ये, म्हणजे माल्टच्या गोड पाण्यात, जातच नाही, तळ भलताच तापतो आणि कटऑफ एलिमेंटचा करंट तोडतो. डिस्प्ले आणि पंप वेगळ्या लाइनवर असल्यामुळे ते चालूच राहतात, म्हणून वाटतं की बोर्ड गेला. खरं तर मशीनने स्वतःला वाचवलेलं असतं.

एवढं पीठ येतं कुठून, तर बऱ्याचदा पिठाच्या गिरणीतून. जवळची गिरणी, ओळखीचा गिरणीवाला, "जाडसर काढ रे" सांगून पाच किलो माल्ट दळून आणायचं. पण चक्कीचा दगड कितीही वर उचलला तरी तो दाणा घासतो, टरफलाचा चुरा होतो आणि निम्मं पीठच पडतं. माल्ट दळायचं नसतं, भरडायचं असतं, दोन रोलरच्या मिलमध्ये, गॅप साधारण १ ते १.२ मिलिमीटर. दाण्याचे आतून दोन-चार तुकडे व्हायला हवेत आणि टरफल जवळजवळ अख्खं राहायला हवं, कारण वॉर्ट गाळतं ते टरफलच, जाळी फक्त त्याला धरून ठेवते. देशी माल्टमध्ये दाणा लहान-मोठा येतो, त्यामुळे इंपोर्टेड माल्टचं सेटिंग तसंच ठेवू नका, आधी मूठभर भरडून पांढऱ्या ताटलीत पसरून बघा. अख्खे दाणे दिसले तर गॅप किंचित कमी करा, पीठ दिसलं तर वाढवा. अजून एक करण्यासारखं म्हणजे भरडायच्या दहा मिनिटं आधी माल्टवर वजनाच्या दोन टक्के पाणी, म्हणजे पाच किलोला १०० मिली, स्प्रेने मारून हाताने कालवायचं. टरफल चिवट होतं आणि फाटत नाही.

दुसरं कारण पंप. माल्ट घातल्या घातल्या पंप फुल सोडला की बास्केटमधला माल्टचा थर दाबून बसतो, वॉर्ट खाली झिरपायचं थांबतं आणि मधल्या ओव्हरफ्लो पाइपमधून फिरत राहतं. त्याहून वाईट म्हणजे पाइपमधून परत येतं त्यापेक्षा पंप खालून जास्त ओढतो, तळ कोरडा पडतो आणि एलिमेंट चालूच असतं. माल्ट थोडं थोडं घालत गाठी फोडा, दहा मिनिटं तसंच राहू द्या, मग व्हॉल्व्ह अर्धा उघडून पंप सुरू करा. मॅश, म्हणजे गरम पाण्यात भिजवलेलं माल्ट, ६५-६७ डिग्रीला धरायचा आहे तेवढा वेळ मोठं एलिमेंट लागत नाही, ज्यात ५०० वॅटचं छोटं एलिमेंट वेगळं आहे तिथे तेच वापरा. आणि बास्केट वर उचलल्यावर, उकळीला फुल पॉवर द्यायच्या आधी, लांब लाकडी उलथन्याने तळ एकदा खरवडून घ्या. एवढं एक मिनिटाचं काम केलं तरी निम्मे फोन कमी होतील असं आमचं मत आहे.

गहू, ज्वारी, बाजरी घालणाऱ्यांनी जास्त जपा, या धान्यांना सातूसारखं टरफल नसतं त्यामुळे थर हमखास चिकटतो. धान्याच्या पाचेक टक्के भाताची तुसं गरम पाण्यात धुऊन मिसळा. मावळ-मुळशीत भात गिरणीवर सहज मिळतात, फक्त कोंडा उचलू नका, तुसंच घ्या. धुऊन वाळवलेली पाकिटं आम्ही पण ठेवतो. ज्वारीचा स्टार्च मॅशच्या टेंपरेचरला पुरता फुलत नाही, ती आधी वेगळ्या भांड्यात शिजवून घ्यावी लागते, हे बरेच जण विसरतात.

तरीही मशीन बंद पडलंच तर खालचं रीसेट बटण लगेच दाबू नका. प्लग काढा, वॉर्ट दुसऱ्या भांड्यात काढून घ्या, तळ बघा. काळं दिसत असेल तर रीसेट करून पुढे रेटण्यात अर्थ नाही, थर अजून करपतो आणि तो जळका वास हॉप्सने (बिअरला कडवटपणा देणाऱ्या फुलांनी) झाकला जात नाही, फर्मेंटेशनमध्ये जात नाही, शेवटपर्यंत राहतो. साफ करायला ६० डिग्रीच्या पाण्यात सोडियम परकार्बोनेट टाकून तासभर भिजवा आणि मऊ स्पंजने काढा. तारेची घासणी अजिबात नको, स्टीलवर ओरखडे पडले की पुढच्या वेळी तिथेच चिकटतं.

अजून दोन छोट्या गोष्टी. मशीन ९८ च्या पुढे जात नाही ही तक्रार नसते, पुणे समुद्रसपाटीपासून साधारण ५६० मीटरवर आहे, इथे पाणी ९८ लाच उकळतं. आणि २४०० वॅट म्हणजे १० अँपिअरच्या वर करंट, त्यामुळे १६ अँपिअरचा पॉइंट आणि अर्थिंग हवंच, सहा अँपिअरचं एक्स्टेंशन लावून वितळवू नका. व्होल्टेज २३० चं २०० झालं तर तेच एलिमेंट साधारण १८०० वॅटच देतं, मग उकळीला वेळ लागणारच.

करपलेला तळ वॉरंटीत का नाही यावरून थोडं वाजतं आमचं कधी कधी. कटऑफने त्याचं काम चोख केलेलं असतं, मशीनमध्ये दोष नसतो, आणि आमच्या माणसाचा अर्धा दिवस तळ घासण्यात जातो, त्याचे पैसे घ्यावेच लागतात. एलिमेंट, पंप किंवा बोर्ड खरंच खराब निघाला तर वॉरंटीत एक रुपया घेत नाही. काही जण म्हणतात मिलिंगचे पैसे मिळवायला तुम्ही गिरणीला नावं ठेवता. तसं नाही, तुमच्याकडे रोलर मिल असेल तर सेटिंग आम्ही फुकट करून देतो, घेऊन या. नसेल तर माल्ट आमच्याकडून घेतलंत की भरडून देण्याचे पैसे नाहीत, बाहेरून आणलेल्या माल्टला किलोमागे थोडे घेतो. भरडलेलं माल्ट मात्र दोन-तीन आठवड्यांत वापरा, पुण्याच्या पावसाळ्यात तर त्याच्याही आत, ओल लवकर धरतं.

फोन करायच्या आधी तीन फोटो पाठवा: रिकाम्या मशीनचा तळ, ताटलीत पसरलेलं भरडलेलं माल्ट आणि प्लग लावलाय तो सॉकेट. बहुतेक वेळा तेवढ्यावरच काय करायचं ते सांगता येतं आणि माणूस पाठवायची गरज पडत नाही.